द्राक्षाच्या वाटा आणि उसाच्या पाणंदी

गेल्या माघात आपल्या कार्यक्षेत्रातील आम्ही अठरा सभासद नाशिककडच्या द्राक्षबागा पाहून आलो. जाताना गाडीत चर्चा चालली होती ती हंगामाची, टनेजची आणि दुसऱ्या हप्त्याची. येताना मात्र सगळी गाडी एकाच गोष्टीवर बोलत होती. शहरातली धडधाकट पोरेपोरी पाठीला पिशव्या लावून दुसऱ्याच्या बागेतून नुसती चालत होती, आणि त्या चालण्याचे वर पैसे मोजत होती! 'आपल्या बांधावरून कुणी चाललं तर आपुन काठी घेतो, आन् हे पावती फाडत्यात,' असे आमच्यातले एक वडीलधारे सभासद म्हणाले आणि गाडीत हशा पिकला. हशा ओसरल्यावर मात्र बराच वेळ कुणी बोलले नाही. ज्याला त्याला आपापला बांध आठवला असावा. आम्हाला तरी आठवला.

त्यानंतर गटागटांतून एक सूचना कानावर येऊ लागली आहे. नाशिकवाले द्राक्षावर पर्यटन चालवतात, तर आपण उसावर का चालवू नये? कारखान्याने चार खोल्या बांधाव्यात, आसवनी आहेच, शहरातल्या लोकांना बोलवावे, त्यांना खाऊपिऊ घालावे आणि सभासदाला टनामागे चार पैसे जादा द्यावेत. सूचना उत्साहाची आहे, आणि उत्साहाला आमचा विरोध नाही. पण वार्षिक सभेत हात वर करण्यापूर्वी दोन गोष्टी नीट पाहून घ्याव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी नाशिककडचे पाहू. आपल्याला आज जी वाइनची शेती दिसते ती काही फार जुनी नव्हे. सुलाचे काम १९९९-२००० च्या आसपास सुरू झाले, आणि राज्य सरकारचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले २००१ साली. त्या धोरणानंतर वाइनरी भराभर निघाल्या. कंपन्यांनी शेतकऱ्यांशी करार केले, खाण्याच्या द्राक्षाऐवजी वाइनच्या जाती लावल्या गेल्या. मग २००८-०९ ची मंदी आली. माल पडून राहिला, कितीतरी छोट्या वाइनऱ्यांना कुलपे लागली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी लावलेल्या बागा स्वतःच्या हाताने उपटून टाकल्या. ही बाजू त्या चकचकीत दालनात कुणी सांगत नाही. आम्हाला ती दिंडोरी रस्त्याला चहाच्या टपरीवर एका बागायतदाराने सांगितली. त्याने स्वतः दोन एकर उपटले होते. आता तो पुन्हा खाण्याचीच द्राक्षे करतो. 'फिरायला येणाऱ्याचा पैसा कंपनीला, आमाला फक्त धूळ,' हे त्याचे शब्द. हे अर्धसत्य आहे, कारण बागेत कामाला असलेल्या दोन पोरी त्याच्याच भावकीतल्या होत्या आणि त्यांना बारमाही पगार होता. पण अर्धे सत्य तरी आहेच.

दुसरे असे की, तिथे येणारा माणूस नुसत्या पेल्यासाठी येत नाही. तो सकाळी रामशेज चढतो. दिंडोरी तालुक्यातला हा किल्ला दिसायला अगदी मामुली, सह्याद्रीच्या बाकी किल्ल्यांपुढे टेकडीच म्हणा. पण १६८२ पासून मोगलांच्या फौजेला त्याने वर्षानुवर्षे दाद दिली नाही. वर उभे राहिले की सगळी बागायत तळहातासारखी दिसते. खाली उतरल्यावर दुपारी तोच माणूस पांडवलेणी पाहतो. त्या लेण्यांतल्या एका शिलालेखापाशी आम्ही फार वेळ थांबलो, आणि त्याचे कारण आपल्या सभासदांना ऐकायला आवडेल. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुठे ठेवले? राजाच्या खजिन्यात नव्हे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: एकीकडे दोन हजार, शेकडा महिना एक दराने; दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण दराने. मुद्दल काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असेही कोरून ठेवले आहे. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी या भागात कारागिरांच्या संस्था होत्या, त्यांची पत राजाच्या जावयाला मान्य होती, आणि व्याजाचा दर दगडावर लिहिण्याइतका पक्का होता. आपल्या पतसंस्थांच्या काही संचालकांना तिकडे एकदा सहलीला न्यावे, असे कुणीतरी हळूच म्हणाले. त्यावर आम्ही भाष्य करीत नाही.

आणि गंमत पाहा, त्याच गोवर्धनच्या शिवारात आज सुलाची बाग आहे.

वास्तविक वाइनचा मुलूख आपल्या दोन्ही अंगांना आहे. उत्तरेला नाशिक, आणि दक्षिणेला चंदनापुरीचा घाट ओलांडून आळेफाट्यापलीकडे गेले की नारायणगाव. तिथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात, म्हणजे नाशिककरांच्या कितीतरी आधी, द्राक्षापासून फेसाळती वाइन करून परदेशी पाठवली होती. ती कंपनी पुढे बुडाली, हा भाग निराळा. पुणे-नाशिक रस्त्याने जाणारा माणूस या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना संगमनेरवरून, आपल्या उसाच्या मधून जातो. तो गाडी थांबवतो फक्त रसवंतीला. कधी कधी तेही नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे थांबून पाहण्यासारखे आहेच काय? चार महिने चिखल, चार महिने धुरळा, आणि बाराही महिने ऊस. या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतः पायाने शोधायचे ठरवले. फाल्गुनाच्या सुरुवातीला आम्ही पाच जण बेलापूरपासून प्रवरेच्या काठाकाठाने दोन दिवस चालत नेवाशाला गेलो. बरोबर दशम्या, ठेचा, पाण्याच्या बाटल्या, आणि तलाठी कार्यालयातून मिळवलेल्या गावनकाशांच्या नकला. त्या नकलांचे पुढे काय झाले ते सांगतोच.

वाटेत दायमाबाद लागते. श्रीरामपूर तालुक्यातले हे लहानसे गाव. १९७४ साली इथे एका भिल्ल कष्टकऱ्याला जळणासाठी झाडाचे मूळ खणताना चार ओतीव वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलांची जोडी जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. सगळ्या मिळून साठ किलोंवर वजन. पुरातत्त्व खात्याने डॉ. एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली १९७५ ते १९७९ अशी खोदाई केली, आणि सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातली माणसे आपल्या प्रवरेच्या काठी नांदत होती असे दिसून आले. या वस्तू सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. म्हणजे आपल्या शिवारात बैल जुंपून हाकणाऱ्या माणसाचे सगळ्यात जुने चित्र पाहायचे तर ते हे. आमच्यातला एक जण वीस वर्षे टायरगाडी हाकत होता. त्या रथाचा फोटो मोबाईलवर बघून तो म्हणाला, 'जू बरोबर हाय, पण बैल लई बारीक दाखवल्यात.' मूळ वस्तू अर्थात संग्रहालयांत आहेत. दायमाबादच्या टेकाडावर जाणाऱ्याला दिसते ती माती, खापऱ्या आणि वारा. तरी आम्ही तिथे तासभर बसलो. खाली प्रवरेचे पात्र, पलीकडे उसाचे फड, आणि एका फडात टोळीचे कोयते चालू होते. तो आवाज टेकाडावर स्पष्ट येत होता.

वर संगमनेरकडे जोर्वे आहे. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी तिथे उत्खनन केले, आणि तिथल्या तांबड्या-काळ्या रंगाच्या भांड्यांवरून महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांच्या एका सबंध संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. जगातले विद्वान आपल्या तालुक्यातल्या एका गावाचे नाव घेऊन बोलतात, आणि आपली पोरे त्या गावावरून रोज मोटारसायकलने कॉलेजला जातात. त्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, हे आम्ही विचारून पाहिले. उत्तर लिहीत नाही.

आणि नेवासे! नेवासे म्हणजे माउलींचा पैसाचा खांब, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळते. पण त्याच नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात सांकलियांच्या चमूने खोदाई केली तेव्हा मातीत काय काय सापडले, तर त्यात रोमन मद्यकुंभांची खापरेही होती. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठची द्राक्षाची दारू कुंभांत भरून जहाजाने आपल्या किनाऱ्याला लागे आणि घाट चढून आपल्या नेवाशापर्यंत येई! त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या वृत्तांतात भडोचच्या बंदरात इटलीच्या वाइनला विशेष मागणी असल्याचे नमूद आहे. तेव्हा वाइन ही आपल्याकडे नवी आली असे कुणी म्हणू नये, आणि ती आपली परंपरा आहे असेही कुणी म्हणू नये. ती बाहेरून येत होती, ज्यांना परवडे ते पीत होते, आणि रिकामे कुंभ इथेच फुटले.

चालण्याचे म्हणाल तर ते आपल्याला शहरातल्या पोरांनी शिकवायला नको. निवृत्तिनाथांची पालखी दर वर्षी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघते. नाशिक, सिन्नर करीत बेलापूर, राहुरी, नगर, करमाळ्यावरून पंढरीस जाते. म्हणजे द्राक्षाच्या मुलुखातून उसाच्या मुलुखात आणि पुढे. आपल्यातल्या कित्येकांच्या घरची माणसे त्या दिंडीत असतात, आणि ज्यांच्या दारावरून ती जाते त्यांनी आजवर एकाही वारकऱ्याला पावती फाडलेली नाही. उलट पिठले-भाकरीच्या पंगती उठतात. कशासाठी चालतो हे माहीत असलेला माणूस आपल्याला कधी परका वाटत नाही. नुसताच चालणारा दिसला की मात्र आपण विचारतो, 'कुनाकडं?' त्या दोन दिवसांत आम्हाला हा प्रश्न किमान तीस वेळा विचारला गेला, आणि 'कुणाकडे नाही, नुसते चाललोय' हे उत्तर एकालाही पटले नाही. एका मळ्यात तर आम्ही निवडणुकीचे आलो असे समजून चहाच टाकला.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

त्या गावनकाशांत गाडीवाटा तुटक दुहेरी रेषांनी दाखवलेल्या असतात आणि पायवाटा एकेरी तुटक रेषेने. नकाशा हातात धरून आम्ही चालायला लागलो तेव्हा पहिल्या तीन कोसांतच उमगले की कागदावरची वाट आणि जमिनीवरची वाट यांची गाठच पडत नाही. एके ठिकाणी वाटेवर आडसाली लागण उभी. एके ठिकाणी काटेरी तार आणि तारेला जुन्या साड्या. एके ठिकाणी वाटेत विहिरीची दगडमाती टाकून ठेवलेली, आणि त्यावर एरंड उगवलेला. बारा फुटांची पाणंद दोन्ही बाजूंनी एकेक सरी वाढत वाढत शेवटी एका माणसाला अंग तिरके करून जावे लागेल इतकी उरलेली. ही तार ज्यांनी घातली, ती लागण ज्यांनी केली, ते सगळे कोण? कुणी बाहेरचे नव्हेत. भागभांडवलाची पावती घरात असलेले, तुमच्या-आमच्यासारखे ऊस उत्पादक सभासद.

आमच्या गटात गेल्या हंगामात काय झाले ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. नाव कुणाचेच घेत नाही. आतल्या बाजूला जमीन असलेल्या एका सभासदाचा दोन एकर ऊस. तोडणीची चिठ्ठी वेळेवर आली, टोळी आली, कोयता पडला. पण रस्त्याकडेच्या धारकाने जुनी वाट नांगरून टाकली होती, आणि त्यात पाणी सोडलेले. ट्रॅक्टर आत जाईना, बैलगाडी रुतली. मुकादमाने टोळी उचलून दुसऱ्या फडावर नेली, तोडलेला ऊस तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी डोक्यावर मोळ्या वाहून तो बाहेर काढला, आणि ते वाहिले कुणी? टोळीतल्या बायांनी, आणि त्या सभासदाच्या घरच्या बायांनी. वजन किती घटले असेल याचा हिशोब शेतकी विभागातला कुणीही सांगेल. उरलेला ऊस उभाच राहिला तो चैत्रापर्यंत. आज हे दोन सभासद एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. आता सांगा, शहरातल्या पाहुण्याला वाट नाही म्हणून आपण रडावे, की आपल्याच भावाच्या उसाला वाट नाही म्हणून?

कायद्याची वाट आहे, पण ती लांबची आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेतावर जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते, त्याचा निर्णय तहसीलदार देतात. पूर्वापार वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, पण तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपल्यातले बहुतेक जण पहिले सहा महिने भावकीतून मिटेल या आशेवर काढतात आणि मुदत घालवतात. पाणंद रस्त्यांसाठी सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, खडी-मुरुमाला पैसा दिला. पैशाने मुरूम पडतो. वाटेवरची लागण पैशाने निघत नाही. तिला दोन्ही बाजूच्या धारकांची मनेच मोकळी व्हावी लागतात.

परदेशातले उदाहरण देण्याची फॅशन आहे म्हणून नव्हे, पण उपयोगाचे आहे म्हणून देतो. इंग्लंडमध्ये १९४९ साली कायदा करून गावोगावच्या सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवल्या गेल्या. शेत खाजगी, पण वाट सर्वांची. शेतकऱ्याने नांगर घातला तरी ठराविक मुदतीत वाट पूर्ववत करून द्यावी लागते. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात १९५३ साली द्राक्षगावांना जोडणारा वाइनचा रस्ता जाहीर झाला आणि लोक जुनी चर्चे, किल्ले आणि बागा पाहत गावोगाव फिरू लागले. त्यांच्याकडे आधी वाट होती, मग पाहुणा आला. आपण खोल्या आधी बांधायच्या म्हणतो आणि पाहुण्याला चालायला तारेचे कुंपण ठेवतो.

आता बाटलीचे. हा विषय टाळून चालणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि सरकारला थांबावे लागले. त्या वेळी आपल्या भागातले मत दुभंगलेले होते. काही म्हणत, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचा माल आहे. काही म्हणत, घराशेजारच्या दुकानात साबणाशेजारी बाटली नको. आम्ही दुसऱ्या मताचे होतो आणि आहोत. पण दुसऱ्या मताच्या लोकांनीही ढोंग करू नये. मळीपासून मद्यार्क आपण पिढ्यानपिढ्या काढतो. त्यातला किती इंधनात जातो आणि किती बाटलीत, याची चौकशी उसाच्या पेमेंटच्या दिवशी आपल्यापैकी कुणी करीत नाही. आपल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टिळकनगरची ब्रँडी देशभर जाते. तेव्हा सोवळे नेसून नाशिकवाल्यांकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मळीच्या टाकीभोवती पाहुणे फिरवता येत नाहीत. द्राक्षाच्या बागेला वास येतो तो निराळा आणि आसवनीच्या सांडपाण्याला येतो तो निराळा. वारा फिरला की खालच्या अंगाच्या वस्तीवर जेवण जात नाही, हे आपण सभेत कितीदा ऐकले आहे. पाहुण्याला पाजण्याचा धंदा कारखान्याने काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहुणा आलाच तर त्याला ताजा रस द्या, काकवी द्या, गरम गूळ द्या, हुरडा द्या. त्याला ते नाशिकला मिळत नाही.

पर्यटन वाईट तऱ्हेनेही येते, त्याचा नमुना पाहायला लांब जायला नको. भंडारदऱ्याला जा. मृगाच्या तोंडावर काजवे पाहायला गाड्यांची रांग लागते. काळोखात चमकणारे किडे पाहायला येणारी मंडळी हेडलाइट लावून येतात, मोठ्याने गाणी लावतात आणि झाडांखाली बाटल्या टाकून जातात. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ काय आहे! पाषाणाचे, नाजूक, समोर पुष्करणी, मागे रतनगड. तिथे शांत उभे राहिले तर प्रवरा कुठून निघते ते ऐकू येते. पण सुट्टीच्या दिवशी तिथे उभे राहायलाच जागा नसते.

आणि भंडारदऱ्याचे नाव निघालेच आहे तर आणखी एक. आपल्या पाटाला पाणी येते ते कुठून, हे किती सभासदांनी डोळ्यांनी पाहिले आहे? १९१० ला त्या धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ ला पुरे झाले. त्या पाण्यावर पाटाचा भाग उभा राहिला, आधी खासगी कारखाने आले, मग १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी कारखाना धूर काढू लागला, आणि त्याच्या मागोमाग आपण सगळे. ज्या महादेव कोळी आणि ठाकर बांधवांच्या डोंगरावर तो पाऊस पडतो, त्यांच्या वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागले आहे. जलाशयाला आज आद्य क्रांतिवीर राघोजी भांगरे यांचे नाव आहे, ते त्याच मातीतले, १८४८ मध्ये इंग्रजांनी ठाण्याला फाशी दिलेले. सभासदांच्या सहली कारखान्यातर्फे निघतात त्या देवदर्शनाला आणि दुसऱ्या कारखान्यांच्या पाहणीला. एक सहल आपल्या पाण्याच्या उगमाला पायी निघावी, असे आम्ही यापूर्वीही या पानांतून लिहिले होते. पुन्हा लिहितो.

एक गोष्ट वाट खुली करू म्हणणाऱ्यांनीही विसरू नये, ती म्हणजे बिबट्या. अकोले भागात झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी गजबजलेल्या त्या शेतीच्या पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसे आढळली, जंगल जवळजवळ नसताना. ऊस हेच त्यांचे रान झाले आहे. आपण सगळे हे जाणतो, रात्री पाण्याची पाळी असली की बॅटरी आणि सोबत घेऊनच निघतो. शहरातल्या माणसाला ते ठाऊक नसते. तो सूर्य मावळताना फडाच्या कडेने फोटो काढत थांबेल. तेव्हा पाहुणे बोलवायचेच झाले तर दिवसाउजेडी, गावातला माणूस बरोबर देऊन, आणि तोडणीच्या घाईत नव्हे. भरलेल्या ट्रॉल्या पळत असताना त्या रस्त्यावर आपणच जीव मुठीत धरून चालतो.

तर आमचे मत असे पडते की, कारखान्याने या कामी तूर्त एक रुपयाही गुंतवू नये. सरकारचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, ज्या सभासदाला आपल्या मळ्यावर चार माणसे उतरवायची असतील त्याने त्याखाली नोंद करून खुशाल उतरवावीत. तो त्याचा धंदा. कारखान्याने करायचे ते काम निराळे आणि फुकटचे आहे. शेतकी विभागाची माणसे नोंदीसाठी प्रत्येक शेतावर जातातच. त्यांनी येत्या वर्षी ऊसनोंदीबरोबर वाटेची नोंद करावी: वाट नकाशावर आहे का, जमिनीवर आहे का, गाडी जाते का. गटवार यादी या पत्रिकेत छापावी, नावे न घालता, नुसते गट नंबर घालून. ज्याचे त्याला कळेल. बेलापूर ते दायमाबाद ते नेवासे ही नदीकाठची जुनी वाट जिथे जिथे मिटली आहे तिथल्या ग्रामपंचायतींशी बोलावे. ती उघडली तर आधी तिच्यावरून ऊस निघेल. मग दिंड्या जातील, शाळेची पोरे जातील, आणि त्यांच्या मागून आलाच तर पुण्या-मुंबईचा पाहुणाही येईल. नाही आला तरी आपले काही अडणार नाही.

यावर काहींनी आम्हाला तोंडावर विचारले, 'लिहिनाऱ्याच्या बांधाचं काय?' प्रश्न रास्त आहे. आमच्या उत्तरेच्या बांधालगत वडिलांच्या वेळेपासून एक गाडीवाट होती. ती आम्ही, एकेक वर्षी एकेक करून, तीन सऱ्यांनी आत घेतली. हे आम्ही नेवाशाहून परत आल्यावर टेप धरून मोजले, तोवर आम्हीही ती वाट आपोआप अरुंद झाली असेच समजत होतो. दोन सऱ्यांतला खोडवा तुटून गेला होता, त्या मोडून वाट सपाट केली. तिसऱ्या सरीत लागण आहे, ती पुढच्या हंगामात तुटेल. तोवर शेजाऱ्याला अडचण होते आहे हे कबूल. गेल्या मंगळवारी त्याची शेणखताची गाडी आमच्या बांधावरून आत गेली. डाव्या चाकाने आमचा चार फूट ऊस मोडला. आम्ही तिथेच उभे होतो. आम्ही काही बोललो नाही, तोही काही बोलला नाही; जाताना त्याने गाडी थांबवून मोडलेला ऊस उचलला आणि बैलांपुढे टाकला.